पुंगळ्या कोण मोजतं?

मा. श्री ठाणेदार साहेब,
स. न. वि. वि.

तुमचं नावच 'श्री', म्हणून मायन्यात 'श्री. श्री ठाणेदार' लिहायचं की एकच 'श्री' पुरे, यावर आमच्याकडे चहा गार होईपर्यंत वाद चालला. शेवटी एकदाच लिहिलं. राग मानू नका.

मी तुमचा मतदार नाही. तुमचा मतदारसंघ डेट्रॉईटचा, मी राहतो नोव्हायला. तरीही पत्र तुम्हालाच, कारण तुम्ही अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या, समितीवर आहात. त्या समितीच्या देखरेख आणि तपासाच्या उपसमितीत विरोधी बाकांवरचे प्रमुख सदस्यही तुम्हीच आहात. आडनाव ठाणेदार आणि काम ठाण्याचा हिशेब मागायचं, असा योग रोज येत नाही. मराठीत लिहितोय कारण बेळगावात वाढलेल्या माणसाला हे पत्र कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आणि उघड लिहितोय ते इथल्या आपल्या मंडळींसाठी. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत 'आपले कागद नीट आहेत, आपल्याला काय' असं म्हणणारे निदान डझनभर लोक मला माहीत आहेत. गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

२०२६ च्या जानेवारीत मिनियापोलिसमध्ये आयसीईच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या, अधिकाऱ्याने गाडीत बसलेल्या एका ३७ वर्षांच्या बाईला गोळ्या घातल्या. ती अमेरिकेची नागरिक होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच शहरात बॉर्डर पेट्रोलच्या लोकांच्या गोळ्यांनी एक नर्स गेला, तोही नागरिक. मिरजेला माझ्या वडिलांनी या बातम्या टीव्हीवर पाहिल्या. अण्णा ८२ वर्षांचे आहेत, फौजदार म्हणून निवृत्त झाले. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हवापाण्याची चौकशी न करता त्यांनी थेट विचारलं, "पंचनामा कुणी केला रे?"

मी म्हटलं, एफबीआयने. पहिल्या प्रकरणात राज्याचे तपास अधिकारी आधी सोबत होते, मग त्यांना पुरावा बघायला मिळेना म्हणून ते बाजूला झाले.

"राउंड किती झाले? पुंगळ्या कुणाच्या ताब्यात आहेत?"

मला सांगता येईना.

"म्हणजे ज्याचा माणूस, त्याचाच पंचनामा," अण्णा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुंगळ्यांचं, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणाऱ्या रिकाम्या काडतुसांचं, त्यांना एवढं का, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर फायरिंगच्या सरावाला तीसेक शिपाई रेंजवर गेले होते. कोतमधून, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रागारातून, मोजून राउंड घेतलेले, रजिस्टरवर सही केलेली. सराव संपला, रिकाम्या पुंगळ्या पोत्यावर ओतल्या, मोजल्या, तर एक कमी. हवालदाराने चहा थांबवला. तीस माणसं गुडघाभर गवतात वाकून संध्याकाळपर्यंत एक पितळी नळी शोधत होती. करंगळीपेक्षा थोडी बारीक, वाजवली तर शिट्टी वाजते अशी ती असते. दिवे लागायच्या सुमाराला ती एकाच्या बुटाच्या पट्टीत अडकलेली सापडली. मग चहा मिळाला. ही गोष्ट अण्णांनी मला शंभरदा तरी सांगितली असेल. दर वेळी गवत थोडं वाढतं, पण पुंगळी एकच असते.

आपल्याकडे सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांच्या ९९ चकमकींमध्ये सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला २०१४ उजाडलं. 'चकमकफेम' हा शब्द आपण वर्तमानपत्रात कौतुकाने छापला. अण्णांच्या नोकरीतलंही एक प्रकरण आहे, त्यावर ते आजही बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. पण त्या निकालात न्यायालयाने काय घातलं ते बघा. गोळीबारात माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा. तपास त्याच ठाण्याच्या हाती ठेवायचा नाही, सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. आणि राज्याच्या पोलीस महासंचालकांनी दर सहा महिन्यांनी, १५ जानेवारी आणि १५ जुलैपर्यंत पोहोचेल असा, सगळ्या मृत्यूंचा तक्ता मानवाधिकार आयोगाला पाठवायचा. पाळतात किती हा वेगळा विषय. पण तक्ता भरायचाच असतो, आणि नाही भरला तर विचारायला एक तारीख हातात असते.

इथे तशी तारीख नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

आता माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे मला हे का खुपतं ते कळेल. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी वॉरंटीचे दावे बघतो. २००० साली फायरस्टोनचे टायर फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर फुटायला लागले. गाड्या उलटल्या, माणसं मेली. ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले. सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या सुनावण्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये कायदा मंजूर झाला आणि १ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तुमच्या सभागृहाने एवढ्या झपाट्याने काम केलेलं मी क्वचितच पाहिलंय. त्या कायद्याखाली गाडी आणि टायर बनवणाऱ्यांना दर तिमाहीला मृत्यू आणि इजेच्या दाव्यांचे आकडे सरकारला द्यावे लागतात. आमच्यासारख्या सुट्या भागवाल्यांना निदान मृत्यूचा दावा कळवावाच लागतो. 'आमच्या भागाचा दोष नव्हता' ही सबब तिथे चालत नाही. दोष कुणाचा ते मागाहून ठरेल, आधी नोंद. तिमाही संपत आली की आमच्या विभागात कुणी रजा मागत नाही.

म्हणजे या देशात टायरने माणूस मारला तर त्याची तिमाही नोंद कायद्याने सक्तीची. आणि सरकारी पिस्तुलाने?

एफबीआयकडे बळाच्या वापराची देशभरची आकडेवारी जमा करायची एक योजना आहे, १ जानेवारी २०१९ पासूनची. तिच्यात भाग घेणं ऐच्छिक आहे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यांनी तिच्यात दर महिन्याला आकडे द्यावेत असं मे २०२२ मध्ये बायडन यांनी एका आदेशात घातलं. २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, तो आदेश रद्द झाला. गैरवर्तनाबद्दल कारवाई झालेल्या फेडरल अधिकाऱ्यांची नोंद ठेवणारा डेटाबेस त्याच आदेशातून निघाला होता, तोही त्याच्याबरोबर बंद पडला. अटकेत किंवा अटक करताना माणूस मेला तर अॅटर्नी जनरलना कळवा, एवढं २०१४ अखेरीस मंजूर झालेल्या एका कायद्यात आहे. पण डोळा गेला, बरगड्या मोडल्या, गोळी झाडली आणि भिंतीत घुसली, हे त्यात बसत नाही. आणि जे बसतं तेही ज्या अॅटर्नी जनरलच्या हाताखाली एफबीआय असते, त्यांच्याकडेच जातं. 'ज्याचा माणूस' हे अण्णांनी उगाच म्हटलं नव्हतं.

तुमच्याच काँग्रेसचं जीएओ, म्हणजे आपल्याकडच्या कॅगचं इथलं भावंड, त्यांनी २०२३ मध्ये होमलँड सिक्युरिटीच्या चार खात्यांच्या नोंदी तपासल्या. सापडलेली गोष्ट ऐकून आमच्या विभागातला कुठलाही कारकून हसेल. तीन अधिकाऱ्यांनी एका माणसावर पाच वेळा बळ वापरलं, तरी अहवाल एकच लिहिला गेला असेल तर वरती पाठवताना मोजणी 'एक'. म्हणजे माणसं मोजली नाहीत आणि वारही मोजले नाहीत. मोजले ते कागद. अण्णांच्या हवालदाराने पोत्यावर ओतलेल्या पुंगळ्यांऐवजी पोतं मोजलं असतं तर त्या दिवशी चहा लवकर मिळाला असता.

तुम्ही म्हणाल, हा आकड्यांचा कीस काय पाडत बसलात, इथे माणसं मरतायत. जानेवारीत तुम्ही आयसीईच बंद करायचं विधेयक आणलंत. त्यामागचा संताप मला कळतो. पण एक आठवण करून देतो. २००३ पर्यंत हे काम आयएनएस नावाचं खातं करत होतं. ते बंद केलं. तीच माणसं, तीच पिस्तुलं, नव्या बिल्ल्यांसह आयसीई आणि इतर दोन खात्यांत गेली. दुकानाची पाटी बदलली, गल्ला तोच राहिला. उद्या तुमचं विधेयक मंजूर झालं, आणि आजच्या बहुमतात ते होणार नाही हे तुम्हीही जाणता, तरी ती पिस्तुलं आणखी कुठल्यातरी पाटीखाली जातील. अटकेचे आणि शस्त्राचे अधिकार असलेले सुमारे १ लाख ३७ हजार फेडरल अधिकारी २०२० च्या गणतीत होते, नव्वदच्या आसपास खात्यांत विखुरलेले. हिशेब पिस्तुलाला बांधायला हवा, पाटीला नव्हे.

आणि काँग्रेसने मनावर घेतलं की काय होतं, याची उदाहरणं मागे आहेत. मला सगळ्यात आवडतं ते दाराचं.

ऑगस्ट १९९२, आयडाहोमधलं रूबी रिज. वीव्हर नावाचं गोऱ्या वंशवादाच्या नादी लागलेलं कुटुंब डोंगरात लाकडी घरात राहत होतं. कुणाला पुळका यावा अशी ती माणसं नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशीच्या चकमकीत एक यूएस मार्शल आणि वीव्हरचा १४ वर्षांचा मुलगा मेले. दुसऱ्या दिवसासाठी एफबीआयने खास नियम काढले. घराबाहेर हत्यारबंद पुरुष दिसला की गोळी घालता येईल, इतकंच त्यात नव्हतं. 'घालावी' असंही त्यात होतं. एका नेमबाजाची गोळी दारातून आरपार गेली आणि दहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन आत उभ्या असलेल्या वीव्हरच्या बायकोला लागली. ती जागीच गेली.

१९९५ मध्ये सिनेटच्या उपसमितीने यावर १४ दिवस सुनावणी घेतली. अध्यक्ष होते रिपब्लिकन आर्लन स्पेक्टर, आणि समोरच्या बाजूचे, म्हणजे आज तुम्ही ज्या खुर्चीत आहात त्या खुर्चीत, डेमोक्रॅट हर्ब कोल. सरकार डेमोक्रॅट क्लिंटन यांचं. वीव्हरने साक्षीला येताना घराचं ते दारच आणलं होतं. सिनेटच्या दालनात, त्या पॉलिश केलेल्या टेबलांसमोर, लाकडाची फळी उभी आणि तिला आरपार भोक. मुद्देमाल कसा हजर करावा हे त्या डोंगरातल्या माणसाला कुणी शिकवलं कोण जाणे! सुनावण्या चालू असतानाच, ऑक्टोबर १९९५ मध्ये, न्याय खात्याने आपल्या सगळ्या संस्थांसाठी प्राणघातक बळाचं एकच धोरण ठरवलं. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका अगदी समोर उभा असेल तरच गोळी. 'घालावी' गेलं.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर एप्रिल १९७३ चं घ्या. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलमध्ये अमली पदार्थविरोधी फेडरल पथकं एका रात्रीत दोन चुकीच्या घरांत दारं फोडून घुसली. काँग्रेसने अकरा महिन्यांत कायदा बदलला आणि अशा प्रकारात सरकारवर भरपाईचा दावा करायची वाट उघडली. २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटलांटाच्या एका कुटुंबाचा दावा पुन्हा उभा केला, तो त्याच वाटेवरचा. तिथेही २०१७ मध्ये एफबीआयने चुकीचं दार फोडलं होतं.

आणि मनावर न घेतल्याचं उदाहरण? बॉर्डर पेट्रोलचंच. २०१२ मध्ये काही खासदारांनी सीमेवरच्या एका मृत्यूबद्दल पत्र लिहिलं, त्यातून गोळीबारांचा आढावा घ्यायचं ठरलं. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने जानेवारी २०१० ते ऑक्टोबर २०१२ मधल्या ६७ घटनांच्या फायली वाचल्या. त्यांचा एक निष्कर्ष असा होता की काही अधिकारी जाणूनबुजून गाडीच्या वाटेत उभे राहत असावेत, म्हणजे मग 'गाडी अंगावर आली' म्हणून गोळी घालायला कारण मिळतं. हा अहवाल खात्याने दाबून ठेवला. २०१४ मध्ये तो वर्तमानपत्रात फुटला आणि मगच प्रसिद्ध झाला. नियम बदलले. पण ते खात्याचे नियम होते, कायदा नव्हे. बारा वर्षांनी मिनियापोलिसमध्ये गाडी, गाडीसमोरचा अधिकारी आणि 'स्वसंरक्षण' हे तिन्ही शब्द पुन्हा एका वाक्यात ऐकले तेव्हा मला त्या ६७ फायली आठवल्या. त्या बाईच्या बाबतीत काय घडलं याचा निवाडा मी नोव्हायच्या सोफ्यावरून करणार नाही. पण निवाडा करायला लागणारे कागद ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याच वरिष्ठांनी त्याच दिवशी निकालही सांगून टाकला, हे मी ऐकलं.

कोर्टात जा, असं कुणी म्हणेल. शहराच्या पोलिसाने हक्क तुडवले तर १८७१ च्या कायद्याने त्याच्यावर दावा करता येतो. फेडरल अधिकाऱ्यासाठी तसा कायदा काँग्रेसने कधी केलाच नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः एक वाट काढून दिली होती. ती अरुंद होत होत २०२२ च्या एका निकालात जवळजवळ बुजली. त्या निकालाचा मथितार्थ असा की, अशी वाट द्यायची की नाही हे काँग्रेसने ठरवावं. म्हणजे व्हाइट हाउसचे नियम एका सहीने जातात आणि न्यायालय तुमच्याकडे बोट दाखवतं. उरलात तुम्ही.

मग करायचं काय? तुम्ही अल्पमतात आहात, समन्स काढू शकत नाही, हे ठाऊक आहे. पण उपसमितीवरच्या विरोधी बाजूच्या प्रमुखाने मागणी केली तर जीएओ ती घेतं, एवढं मी वाचलंय. २०२३ चा अहवाल पुढे न्यायला सांगा. त्या चार खात्यांनी मोजणी सुधारली का? एका घटनेत किती हात उठले, किती गोळ्या सुटल्या, कुणाला लागल्या, किती वेळाने दवाखान्यात नेलं? प्रत्येक प्रकरणाचा तपास त्याच खात्याने केला की बाहेरच्यांनी? हे विचारायला बहुमत लागत नाही. दोन पानांचं पत्र लागतं.

दुसरं काम अवघड आहे. खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून दर वर्षी हिशेब मागण्याची जुनी रीत आहे. खासदारांना कोठडीकेंद्रांत न सांगता जाता यावं, हे असंच एक कलम. जानेवारीत सरकारने काय म्हटलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'ते कलम वार्षिक पैशाला लागू, आमचा खर्च जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्यातल्या पैशातून चाललाय, तेव्हा आधी कळवून या.' त्या कायद्याने आयसीईला सुमारे ७५ अब्ज डॉलर एकगठ्ठा दिलेत. तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असते म्हणे, पण चार वर्षांचा किराणा आधीच घरात भरून ठेवलेल्याला किल्लीची काय भीती? म्हणून वार्षिक कलमावर भागणार नाही, कायमचा कायदा लागेल. टायरवाल्यांसारखा साधा आणि कंटाळवाणा. कुठल्याही फेडरल अधिकाऱ्याने गोळी झाडली, लागो न लागो, किंवा बळाच्या वापरात कुणी गंभीर जखमी झालं, तर ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या दिवसांत नोंद, आणि तिमाही तक्ता थेट काँग्रेसकडे. राज्याच्या तपासनिसांना पुरावा बघू द्यायचा. तक्ता आला नाही तर त्या खात्याच्या वरिष्ठाने समितीपुढे उभं राहून कारण सांगायचं.

अशा विधेयकाला 'बंद करा' म्हणणारे कदाचित टाळ्या वाजवणार नाहीत. पण पलीकडच्या बाकांवर रूबी रिज आणि वेको ही नावं अजून विसरलेली नाहीत अशी माणसं आहेत. टेक्सासमधल्या वेकोत १९९३ मध्ये ५१ दिवसांच्या वेढ्याच्या शेवटी ७६ माणसं गेली, आणि त्यावर तुमच्याच सभागृहात १९९५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवस सुनावणी झाली. फेडरल बंदुकीचा हिशेब मागणं ही तेव्हा उजव्यांची मागणी होती. त्यांना ती आठवण करून द्या. आपल्या बाजूच्या माणसाशी बोलावं तसं बोलाल तर एखादा तरी ऐकेल. निदान त्या दाराचा फोटो दाखवा.

जीएओला पत्र गेलं की त्याची प्रत तुमच्या कार्यालयाने प्रसिद्ध करावी, एवढी विनंती आहे. रविवारी अण्णांचा फोन येतो. गेल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं, "कळलं का रे किती राउंड झाले ते?" अजून नाही, म्हणालो. "मग चहा कसा प्यायले?" ते म्हणाले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मिरजेच्या एका निवृत्त फौजदाराचा मुलगा
नोव्हाय, मिशिगन